रमाबाईंना गवसलेले अहेतुक प्रेम

पंडिता रमाबाईंचे नाव महाराष्ट्राला परिचित आहे ते संस्कृत विदुषी, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या आणि धर्मांतरामुळे वादळात सापडलेल्या एका ब्राह्मण विधवेचे म्हणून. त्यांच्या धर्मांतराच्या चर्चेत २९ सप्टेंबर १८८३ ही बाप्तिस्म्याची तारीख हटकून येते. रमाबाईंच्या स्वतःच्या लेखी मात्र तो दिवस म्हणजे शोधाचा शेवट नव्हता. त्या दिवशी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला. ख्रिस्त भेटला तो त्यानंतर आठ वर्षांनी, असे त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात नोंदवून ठेवले. धर्म मिळणे आणि देव भेटणे यांतले हे अंतर समजून घेतल्याखेरीज त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध उलगडत नाही.

सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात, आजच्या कर्नाटकात, २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढी झुगारून पत्नीला संस्कृत शिकवले होते. आईने ती विद्या मुलीला दिली. रमा काही महिन्यांची असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेला बाहेर पडले. पुराणे सांगावीत, मिळेल त्यातले दानधर्मात घालावे, व्रतवैकल्ये करावीत आणि देव प्रसन्न होण्याची वाट पाहावी, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे चालला. मद्रास इलाख्यातील दुष्काळाने १८७४ साली त्यांना गाठले, तेव्हा जवळ काहीही उरले नव्हते. झाडपाल्यावर दिवस काढण्याची वेळ आली. आधी वडील, मग आई आणि पाठोपाठ थोरली बहीण कृष्णाबाई गेली. अखेरच्या घटकेला पित्याने या धाकट्या मुलीला देवाच्या हाती सोपवले होते. ते शब्द रमाबाई कधीही विसरल्या नाहीत. परंतु ज्या देवासाठी घरादाराने सर्वस्व वेचले, तो देव कोठे आहे, हा प्रश्नही त्याच दुष्काळाने त्यांच्या मनात कायमचा पेरला.

भाऊ श्रीनिवास याच्यासह पायी भ्रमण करीत त्या १८७८ साली कलकत्त्याला पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या देऊन गौरवले. मानसन्मान मिळाला, पण आधार टिकला नाही. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह केला. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने तेही गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षाआधीच वैधव्य आलेल्या रमाबाई तान्ह्या मनोरमेला घेऊन पुण्याला आल्या. येथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि पुढल्या वर्षी वैद्यकीय शिक्षणाच्या इराद्याने इंग्लंड गाठले. ऐकू कमी येत असल्याने तो बेत मात्र सिद्धीस गेला नाही.

इंग्लंडात वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांचे वास्तव्य होते. या भगिनी लंडनजवळच्या फुलम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी आश्रम चालवीत. ज्यांना चारचौघांत उभे करायचे नाही अशा स्त्रियांची तेथे मायेने शुश्रूषा होते, हे पाहून रमाबाई थक्क झाल्या. असे का करता, या त्यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा ऐकवण्यात आली. विहिरीवर आलेल्या, लौकिकदृष्ट्या कलंकित अशा त्या स्त्रीशी येशू आदराने बोलतो. ही गोष्ट त्यांच्या मनात खोल रुजली आणि त्याच वर्षी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

तथापि नव्या धर्मातही त्यांची चिकित्सक बुद्धी स्वस्थ बसली नाही. त्रैक्याच्या सिद्धांतावर आणि धर्मगुरूंच्या अधिकारावर त्यांनी वाँटेजच्या भगिनींशी कसून वाद घातला. एका शब्दप्रामाण्याचे जोखड उतरवून दुसरे मानेवर घेण्यास त्यांची तयारी नव्हती. पुढे अमेरिकेत त्यांनी हिंदू उच्चवर्णीय स्त्रीच्या स्थितीवरील आपला इंग्रजी ग्रंथ १८८७ साली प्रसिद्ध केला, मदत उभी केली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडले. पुढल्याच वर्षी ते पुण्यात आले. काम वाढत होते, नाव होत होते. अंतःकरण मात्र रितेच होते. मत पटले होते, त्यातून मिळायला हवी होती ती शांती मिळत नव्हती.

१८९१ च्या सुमारास विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. आपणच इतरांना सांगत असलेल्या गोष्टीचा स्वतःला अनुभव नाही, हे ध्यानात आल्यावर झालेले परिवर्तन त्याने त्यात वर्णिले होते. रमाबाईंना त्यात आपलीच अवस्था दिसली. बायबल पुन्हा वाचताना त्यांना उमगले की, देवाची प्रीती हे पुण्याईचे वेतन नाही. ती आधीपासूनच दिलेली आहे, अपात्राला दिलेली आहे आणि नावानिशी एकेका माणसाला दिलेली आहे. आपण ती नुसती स्वीकारायची. व्रते, दाने आणि तीर्थस्नाने करून देवाची कृपा जोडू पाहणाऱ्या घरातल्या मुलीला हा शोध किती मोठा वाटला असेल, याची कल्पना करता येते.

या आनंदाची किंमतही चुकवावी लागली. शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे अभिवचन होते. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली आपणहून तेथे येऊन बसत. यावरून काहूर उठले. ‘केसरी’ने कडक टीका केली. ऑगस्ट १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. विश्वासभंग झाला, ही पालकांची भावना निराधार म्हणता येणार नाही. दुसऱ्या बाजूला, जे जगण्याचे मूळ झाले ते लपवून ठेवणे रमाबाईंना खोटेपणाचे वाटत होते. दोन प्रामाणिक निष्ठांमधला तो संघर्ष होता.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा भुकेची जुनी आठवण त्यांना तिकडे घेऊन गेली. शेकडो निराधार मुली त्यांनी आणल्या आणि केडगावच्या शेतावर ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील रहिवासी हजारांच्या घरात गेले. आजारी, अंध, फसवल्या गेलेल्या, अशा कोणालाही तेथे पात्रतेचा दाखला मागितला जात नसे. शेती, विणकाम, छपाई यांतून त्या स्त्रिया आपल्या पायांवर उभ्या राहिल्या.

अखेरच्या काळात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचा अनुवाद केला. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. जन्मभर जोडलेले शेवटचे रक्ताचे नातेही तुटले. तरीही अनुवादाचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले.

अंतरीचा अनुभव बाहेरून मोजता येत नाही आणि रमाबाईंची श्रद्धा सर्वांना मान्य व्हावी असेही नाही. परंतु ज्या प्रेमाची आपण काहीही लायकी मिळवली नव्हती असे त्यांना वाटले, ते त्यांनी ज्यांना कोणीही लायक मानले नव्हते अशांपर्यंत पोहोचवले. केडगावचे मुक्ती मिशन आजही निराधार स्त्रिया आणि मुलांना आसरा देत आहे.