सावित्रीमाई आणि बालहत्या प्रतिबंधक गृह

दरवर्षी ३ जानेवारीस सावित्रीमाई फुले यांची जयंती साजरी होते आणि भाषणांत शेणगोळ्यांचा प्रसंग हटकून येतो. नगर येथे मिस फरार यांच्याकडे त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले, ही आपल्या जिल्ह्याच्या अभिमानाची गोष्टही सांगितली जाते. परंतु पुण्याच्या गंज पेठेतील त्यांच्या राहत्या घरात १८६३ साली जे सुरू झाले, त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. वसतिगृहात वाढलेल्या आपणांस तरी ते ठाऊक असावयास हवे.

काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाक करून पोट भरीत असे. एका शास्त्र्याने तिला फसविले व दिवस गेल्यावर हात झटकले. बदनामीच्या भयाने तिने अर्भकास मारून विहिरीत टाकले. तिला अंदमानची जन्मठेप झाली. शास्त्री मोकळाच राहिला!

फुले दांपत्याने आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवांनी येथे गुपचूप येऊन बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा ठेवून जावे, अशा जाहिराती शहरात लावल्या. १८८४ पर्यंत ३५ हून अधिक स्त्रिया तेथे बाळंत झाल्या. ज्या समाजातून शेण फेकले गेले, त्याच समाजातील या लेकी होत्या. गर्भ पाडण्यासाठी घेतलेल्या विषारी औषधांमुळे बहुतेक बालके दगावली. जोतीरावांनी आपल्या टिपणात पाचच जिवंत असल्याचे नोंदविले आहे. टिपण जोतीरावांचे, बाळंतिणींची शुश्रूषा सावित्रीमाईंची.

१८७४ साली अशीच एक विधवा आली. तिचेही नाव काशीबाई. तिचा मुलगा सावित्रीमाईंनी दत्तक घेतला, तोच यशवंत. विधवेचा मुलगा म्हणून त्याला मुलगी देण्यास लोक कचरत. अखेर १८८९ मध्ये ज्ञानोबा ससाणे यांच्या राधाशी त्याचा सत्यशोधक पद्धतीने विवाह झाला. पुढील वर्षी जोतीराव गेले, तेव्हा दत्तक पुत्राने टिटवे धरण्यास भाऊबंदांनी हरकत घेतली. सावित्रीमाईंनी स्वतः टिटवे हाती घेतले आणि अग्नी दिला. १८९३ मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनीच भूषविले.

१८९७ च्या प्लेगात डॉ. यशवंतने हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना घातला. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड यांचा आजारी मुलगा सावित्रीमाईंनी पाठीवर घालून तेथे आणला. मूल वाचले. लागण झालेल्या सावित्रीमाई १० मार्च रोजी गेल्या.