घसाऱ्याचे पैसे

मी बँकेत लागलो त्या वर्षीची गोष्ट. सोनईला घरी गेलो की अण्णा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्यांच्या अहवालातला एक शब्द घेऊन बसत. घसारा. यंत्रे जागच्या जागी उभी, पैसा कुणाच्या हाती गेला नाही, तरी खर्चात लाखो रुपये! ही रक्कम उसाच्या भावात का देत नाहीत, हा त्यांचा सवाल.

मी विहिरीवरच्या ऑईल इंजिनाकडे बोट दाखवले. घेतले १०,००० रुपयांना, चालणार दहा वर्षे, शेवटी भंगाराचे १,००० येणार. म्हणजे वर्षाला ९०० रुपयांचे इंजिन आपण वापरून टाकतो. ते खर्चात धरले नाही तर नफा फुगतो, आणि तो वाटून खाल्ला की आपण इंजिनच खातो.

हा हिशेब आपल्या जिल्ह्यात शेतकऱ्याच्या मालकीच्या यंत्रांना लागला तो प्रवरेकाठी, लोणीला. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून भागभांडवल जमवले आणि अध्यक्षपदी बसवले धनंजयराव गाडगीळांना. नाशिकला १९०१ साली जन्मलेला, केंब्रिजला शिकलेला, १९३० पासून पुण्याची गोखले संस्था उभी करणारा हा अर्थशास्त्रज्ञ. त्याने ग्रंथातच रमायचे, तर तो उसाच्या फडातल्या माणसांबरोबर बैठकीला बसला. १९५० अखेर कारखाना सुरू झाला.

मला त्या खुर्चीचे फार नवल वाटते. सभासदच मालक आणि सभासदच ऊस विकणारा! भाव वाढवला तर टाळ्या, कर्जाचा हप्ता आणि घसारा बाजूला काढला तर कपाळाला आठ्या. आमच्या बँकेच्या टेबलापेक्षा कठीण जागा ती. धनंजयरावांनी ती अनेक वर्षे सांभाळली. पुढे १९६७ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना मदत वाटण्याचे सूत्र त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९७१ च्या मे महिन्यात दिल्लीचा कारभार सोडून पुण्याला परततानाच ते गेले.

अण्णांना माझे म्हणणे पटले असावे. नुसते वहीत लिहून भागत नाही, हेही त्यांनी ओळखले आणि उसाच्या बिलातून दरवर्षी ९०० रुपये पोस्टात टाकू लागले. इंजिन अकराव्या वर्षी बसले. भंगार धरून १०,००० हाताशी होते, व्याज वेगळे. पण घसारा जुन्या किमतीवर काढलेला, आणि नवे इंजिन २२,००० ला! उरलेल्या रकमेसाठी अण्णा माझ्याच बँकेत कर्ज मागायला आले.