थांबायचे की परतायचे?

मनमाड-नांदेड लोहमार्गावरच्या परतूरकरांना सिग्नलचे महत्त्व वेगळे सांगायला नको. रुळाच्या एका टप्प्यात एक गाडी असताना दुसरी सोडत नाहीत. हीच शिस्त संगणकाला लावली डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी.

त्यांचा जन्म ११ मे १९३० रोजी रॉटरडॅमचा. वडील रसायनतज्ज्ञ, आई गणिती. लायडनला भौतिकशास्त्र शिकता शिकता ते प्रोग्रामिंगकडे वळले. १९५७ मध्ये लग्नाच्या नोंदणीत ‘प्रोग्रामर’ हा पेशा सांगितला, तर तो मान्यच झाला नाही!

अनेक प्रोग्राम एकाच माहितीवर तुटून पडले, तरी एका वेळी एकालाच आत कसे सोडायचे, हे त्यांनी १९६५ मध्ये दाखवले. त्यांच्या एका युक्तीचे नावही रेल्वेचेच: सेमाफोर.

त्याच विचारातून पुढे ‘वाचन-लेखन कुलूप’ आले. वाचणारे कितीही चालतात. लिहिणारा मात्र एकटाच हवा. पण हातातले कुलूप न सोडता दोघे एकमेकांच्या कुलपाची वाट पाहत बसले, तर यंत्र हँग होते. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, आणखी एक सोय असते. लिहिण्याचे कुलूप मोकळे असेल तर घ्यायचे, नसेल तर न थांबता परतायचे आणि नंतर पुन्हा प्रयत्न करायचा. मात्र ‘मिळाले नाही’ हे उत्तर न तपासता लिहिले, तर माहितीच बिघडते.

१९७२ मध्ये डायक्स्ट्रांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. ६ ऑगस्ट २००२ रोजी कर्करोगाने ते गेले. त्यांनी घालून दिलेली शिस्त आज आपल्या खिशातल्या मोबाइलमध्येही पाळली जाते.