दोन जंतूंची युती ओळखणारा सर्जन

फुटलेल्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया पार पडायची, धोका टळला असे वाटायचे. पण काही दिवसांनी टाक्यांभोवतीची त्वचा लाल, मग जांभळी आणि शेवटी काळी पडून सडू लागायची. वेदना असह्य असत आणि जखमेची कडा रोज थोडी पुढे सरके. या गँगरीनचे कोडे सोडवण्यात अमेरिकी सर्जन फ्रँक मेलेनी (१८८९–१९६३) यांचा मोठा वाटा आहे.

चीनमधील पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजात काम करताना त्यांनी स्ट्रेप्टोकोकसमुळे झपाट्याने पसरणाऱ्या गँगरीनच्या २० रुग्णांचा अभ्यास केला. तो १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे न्यूयॉर्कमध्ये, १९२६ साली, जॉर्ज ब्रूअर यांच्यासह त्यांनी अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर चिघळलेल्या जखमेचे मूळ शोधले. सरकत्या कडेत कमी ऑक्सिजनवर वाढणारा स्ट्रेप्टोकोकस होता, तर सडलेल्या भागात स्टॅफिलोकोकस. प्राण्यांमध्ये हे जंतू एकेकटे टोचले तर तसे गँगरीन होईना. दोन्ही एकत्र टोचताच झाले. या विकाराला पुढे मेलेनींचेच नाव मिळाले.

तेव्हा प्रतिजैविके नव्हती. सडलेला भाग दूरवर कापून काढणे हाच मुख्य उपाय होता. १९४३ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत बाल्बिना जॉन्सन यांना एका लहान मुलीच्या जखमेतील जंतूंपासून बॅसिट्रासिन मिळाले. ते मलमांत आजही वापरले जाते.

आज औषधे आहेत, तरी मृत ऊती तातडीने काढाव्याच लागतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतर टाक्यांभोवतीचे दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, त्वचा जांभळी-काळी पडू लागली किंवा ताप आला, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. लगेच सर्जनला दाखवावे.