एडगर ॲलन पो
एडगर ॲलन पो (१९ जानेवारी, १८०९:बोस्टन - ७ ऑक्टोबर, १८४९:बाल्टिमोर) हे भयकथा व गूढकथांसाठी प्रसिद्ध असलेले अमेरिकन लेखक होते. केवळ लेखनावर उदरनिर्वाह करण्याचा त्यांचा हट्ट त्यांना महागात पडला. १८३९ च्या अखेरीस फिलाडेल्फियात त्यांच्या २५ कथांचा दोन खंडांतील संग्रह निघाला. ‘द फॉल ऑफ द हाऊस ऑफ अशर’ ही आज जगभर वाचली जाणारी कथा त्यातच होती. प्रती अवघ्या ७५० छापल्या गेल्या आणि नफा प्रकाशकाकडे राहिला. पो यांच्या वाट्याला मित्रांना वाटण्यापुरत्या काही प्रती आल्या. स्वतःच्या मालकीचे नियतकालिक हाच त्यांना यावरील उपाय वाटे. १८४५ मध्ये ‘ब्रॉडवे जर्नल’ त्यांच्या हाती आले व त्यात त्यांनी आपल्या जुन्या कथा सुधारून पुन्हा छापल्या. परंतु पैशाअभावी जानेवारी १८४६ मध्ये ते बंद पडले. नियोजित ‘द स्टायलस’ मासिक कधीच निघाले नाही.