थोरले माधवराव पेशवे आणि शत्रूची रयत

गेवराई तालुक्यांत गोदातीरीं राक्षसभुवन हें गांव आहे. त्या बाजूच्या मंडळ्यांतील बंधुभगिनींनीं तें पाहिलेंच असेल. ता. 10 ऑगस्ट 1763 रोजीं तेथें पेशवे व निजाम ह्यांची लढाई झाली. निजामअली कांहीं फौजेनिशीं नदी उतरून गेला होता. मागें राहिलेल्या फौजेवर मराठे तुटून पडले, आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. माधवराव तेव्हां अवघे अठरा वर्षांचे होते.

लढाई लोकांच्या लक्षांत राहिली. तिच्या आधींचे महिने मात्र कोणी फारसे सांगत नाहीं. त्या महिन्यांत दोन्ही सैन्यें एकमेकांस टाळून एकमेकांची रयत लुटीत होतीं. मराठ्यांनीं निजामाच्या मुलखांतून लूट व खंडणी गोळा केली. निजामानें पुण्यांत शिरून ज्या घरांची खंडणी मिळाली नाहीं तीं जाळलीं. लोक बायकामुलें घेऊन किल्ल्यांकडे पळाले. प्रजा पोळली म्हणजे राजा नमेल, असा दोघांचाही हिशेब होता.

माधवराव निर्दय नव्हते. पानिपतच्या पराभवानंतर 1761 सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, त्यांच्या अंगावर पेशवाई पडली. वसईच्या सुभेदारानें गांवकऱ्यांस वेठीस धरून आपला माल वाहविला, तेव्हां त्यांनीं तो जप्त केला व शेतीचें काम बुडालेल्या त्या लोकांस भरपाई देवविली. असा राज्यकर्ता विरळा! तरी ह्याच पेशव्यांच्या फौजेनें 1769 सालीं जानोजी भोसल्यांस नमविण्याकरितां नागपूर लुटलें. वसईच्या ओझेकऱ्याचे कष्ट ज्यांस दिसले, त्यांस नागपूरकराचें घर कां दिसलें नाहीं? तें शत्रूच्या हद्दींत होतें, एवढेंच कारण दिसतें.

दुसऱ्या महायुद्धांत घोडेस्वारांचें हें काम विमानें करूं लागलीं. हिशेब तोच राहिला. इंग्रजांचीं विमानें जर्मन शहरांवर सरसकट बॉम्ब टाकीत असतां, चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल ह्यांनीं फेब्रुवारी 1944 मध्यें आपल्याच देशाच्या लॉर्डांच्या सभेंत उभे राहून त्याचा जाब विचारला. स्वपक्षास असें विचारणें फार जड जातें. त्यांनीं लोकांचा रोष पत्करला. पुढल्याच वर्षीं हिरोशिमा एका बॉम्बनें उद्ध्वस्त झालें.

माधवराव ऐकून घेणारे होते. जपध्यानांत राज्यकारभाराची हेळसांड होते असें न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे ह्यांनीं तोंडावर सांगितलें, तेव्हां त्यांनीं तें मानलें. शत्रूच्या रयतेविषयीं त्यांस कोणी असें बोललें असतें तर त्यांनीं काय केलें असतें, हें मनांत येतें. ता. 18 नोव्हेंबर 1772 रोजीं थेऊर येथें क्षयानें त्यांचा अंत झाला. वय सत्तावीस वर्षांचें होतें.