विश्लेषण : पेरीमेनोपॉजमधील उपचार, ‘दुसरी’ कॅप्सूल आणि मेक्सिकोतील जंगली कंद... कोण होते रसेल मार्कर?

चाळिशी उलटल्यावर पाळी मागेपुढे होऊ लागते. रात्री घामाने जाग येते, दिवसा अंगातून अचानक गरम वाफा निघाल्यासारखे वाटते, झोप उडते, चिडचिड वाढते. पाळी कायमची थांबण्याआधीच्या या काही वर्षांना पेरीमेनोपॉज म्हणतात. त्रास जास्त असेल आणि डॉक्टरांनी हार्मोन रिप्लेसमेंट थेरपी म्हणजे एचआरटी सुरू केली, तर चिठ्ठीवर बहुतेकदा दोन औषधे असतात. एक इस्ट्रोजेन, जेल, पॅच किंवा गोळीच्या रूपात. दुसरे प्रोजेस्टेरॉन, रात्री झोपताना घ्यायची कॅप्सूल. पहिल्याचा फायदा काही आठवड्यांत जाणवतो. दुसऱ्याने मात्र गुंगी येते आणि लगेच दिसणारा उपयोग काही नसतो, त्यामुळे ती टाळण्याचा मोह होतो. गर्भाशय शाबूत असलेल्या स्त्रीला हा मोह महागात पडू शकतो. आज कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारी ही कॅप्सूल एकेकाळी सोन्याहून कितीतरी महाग होती. ती स्वस्त होण्याची सुरुवात केली पीएचडी अर्धवट सोडलेल्या एका हट्टी अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने.

दोन औषधे कशासाठी?

इस्ट्रोजेन गर्भाशयाचे आतले अस्तर वाढवते. पाळीच्या नैसर्गिक चक्रात बीज बाहेर पडल्यानंतर प्रोजेस्टेरॉन तयार होते, ते ही वाढ थोपवते आणि त्याची पातळी उतरली की अस्तर गळून पाळी येते. पेरीमेनोपॉजमध्ये काही महिने बीज बाहेरच पडत नाही, त्यामुळे प्रोजेस्टेरॉन कमी पडते. म्हणूनच या वयात पाळी कधी दोन महिने गायब, तर कधी दहा दिवस थांबत नाही. अशा वेळी बाहेरून नुसते इस्ट्रोजेन दिले, तर अस्तर वाढत राहते आणि पुढे गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. दुसरी कॅप्सूल असते ती त्यासाठी. गर्भाशय काढलेले असेल, तर सहसा एकटे इस्ट्रोजेन पुरते.

१९३० च्या दशकात प्रोजेस्टेरॉन मिळवायचे कसे, हाच मोठा प्रश्न होता. ॲडॉल्फ ब्यूटेनान्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १९३४ मध्ये ते शुद्ध रूपात वेगळे केले, तेव्हा सुमारे ५० हजार डुकरिणींच्या बीजांडकोशांतून हाती आले अवघे २० मिलिग्रॅम. आजची एक कॅप्सूल २०० मिलिग्रॅमची असते. त्या हिशेबाने एका रात्रीच्या डोससाठी पाच लाख डुकरिणी लागल्या असत्या.

पेट्रोल पंपावरचा आकडा आणि मार्कर

रसेल अर्ल मार्कर यांचा जन्म १२ मार्च १९०२ रोजी अमेरिकेतील मेरिलँड राज्यात, हेगर्सटाउनजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. मेरिलँड विद्यापीठातून ते १९२३ मध्ये पदवीधर झाले, पुढच्या वर्षी पदव्युत्तर शिक्षण संपवले. पीएचडीचे संशोधनही पूर्ण होत आले होते. पण विद्यापीठाने भौतिक रसायनशास्त्राचा एक विषय घेण्याची अट घातली. तो आपल्याला आधीच येतो, त्यात वेळ घालवणार नाही, असे मार्कर यांचे म्हणणे होते. मार्गदर्शक मॉरिस खराश यांनी बजावले की, पदवी नसेल तर आयुष्यभर प्रयोगशाळेत लघवी तपासत बसावे लागेल. मार्कर यांनी १९२५ मध्ये विद्यापीठच सोडले. एक विषय राहिल्याने पदवी अडकलेली मुले आपल्याकडच्या इंजिनीअरिंग कॉलेजांत ढिगाने सापडतात. हे गृहस्थ मात्र तो विषय येत असूनही उठून गेले.

त्यानंतर ते एथिल कॉर्पोरेशन या कंपनीत लागले. इंधन इंजिनात किती ‘नॉक’ करते हे मोजणाऱ्या ऑक्टेन क्रमांकाच्या पद्धतीवर तिथे काम सुरू होते आणि त्यात मार्कर यांचा वाटा होता. प्रीमियम पेट्रोलच्या पंपावर दिसणारे ९५ किंवा १०० हे आकडे त्याच मोजपट्टीतले. इंजिनाचे तास भरताना हा क्रमांक आम्ही घोकला होता, पण त्यामागच्या माणसाचा एचआरटीशी संबंध असेल असे तेव्हा कुणी सांगितले असते तर विश्वास बसला नसता.

१९२८ पासून मार्कर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये होते. संशोधन भराभर प्रसिद्ध होत होते, पगारही चांगला होता. पण त्यांना स्टेरॉइड वर्गातील संप्रेरकांवर काम करायचे होते आणि तो विषय संस्थेत दुसऱ्याकडे होता. मग पुन्हा तेच झाले. चांगली नोकरी सोडून १९३४ मध्ये ते निम्म्याहून कमी पैशांवर पेनसिल्व्हेनिया स्टेट कॉलेजात गेले. पार्क-डेव्हिस या औषध कंपनीने संशोधनाला पैसे दिले. तिथे संप्रेरकांच्या शोधात त्यांना प्राण्यांच्या मूत्रावर काम करावे लागले, म्हणजे खराश यांचे भाकीत वेगळ्या अर्थाने का होईना खरे ठरले.

कंदातून संप्रेरक कसे निघते?

प्राण्यांच्या अवयवांऐवजी वनस्पतींकडे वळायचे, ही मार्कर यांची कल्पना. काही वनस्पतींत सॅपोजेनिन नावाची द्रव्ये असतात. त्यांच्या रेणूचा गाभा म्हणजे चार कड्यांचा सांगाडा आणि प्रोजेस्टेरॉनचा सांगाडाही तसाच. अडचण होती ती गाभ्याला चिकटलेल्या जादा शेपटीची. ही शेपटी रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय आहे, असे जाणकार मानत. मार्कर यांनी ते मानले नाही. द्रव्य ॲसिटिक ॲनहायड्राइडबरोबर जास्त तापमानाला तापवले की शेपटीची घट्ट कडी उघडते आणि पुढच्या अभिक्रियांनी ती तोडता येते, हे त्यांनी दाखवले. रसायनशास्त्रात ही प्रक्रिया आजही ‘मार्कर डिग्रेडेशन’ म्हणून शिकवतात. डायोस्जेनिन या द्रव्यापासून थोड्याच टप्प्यांत प्रोजेस्टेरॉन मिळू लागले. आता हवी होती डायोस्जेनिन भरपूर देणारी वनस्पती.

वनस्पतीशास्त्राच्या एका पुस्तकात त्यांना मेक्सिकोतल्या मोठ्या कंदाचे चित्र दिसले. तो व्हेराक्रूझ राज्यात ओरिझाबा आणि कोर्दोबा यांच्यामधल्या रस्त्यावर, एका ओढ्याजवळ सापडतो, अशी नोंद होती. स्थानिक नाव ‘काबेसा दे नेग्रो’, शास्त्रीय कूळ डायोस्कोरिया. आपल्याकडची करांदे, कोनफळ आणि कणगर ही याच कुळातली.

जानेवारी १९४२. अमेरिका नुकतीच महायुद्धात उतरली होती आणि परदेशी माणसाने मेक्सिकोत भटकण्याचे ते दिवस नव्हते. वकिलातीनेही परत जाण्याचा सल्ला दिला. मार्कर यांना स्पॅनिश येत नव्हते. तरी ते बसने निघाले, ओढ्याजवळच्या दुकानदाराला खाणाखुणांनी समजावले आणि दोन कंद मिळवले. ते बसच्या टपावरून चोरीला गेले. एका पोलिसाला पैसे चारल्यावर त्यातला एक परत मिळाला. त्या एका कंदावर अमेरिकेत जाऊन प्रयोग केले आणि निकाल मनासारखा आला.

पार्क-डेव्हिसचे वरिष्ठ मात्र तयार होईनात. मेक्सिकोत असे काही उत्पादन होऊ शकते, हेच त्यांना पटत नव्हते. मार्कर यांनी आपली निम्मी बचत बँकेतून काढली, पुन्हा मेक्सिको गाठले आणि नऊ-दहा टन कंद गोळा करून वाळवले. त्यांचा अर्क न्यूयॉर्कला नेऊन एका मित्राच्या प्रयोगशाळेत तीन किलो प्रोजेस्टेरॉन तयार केले. एवढे प्रोजेस्टेरॉन एका ठिकाणी तोवर कुणी पाहिले नव्हते. तेव्हाचा भाव होता ग्रॅमला ८० डॉलर, म्हणजे मालाची किंमत २ लाख ४० हजार डॉलर.

सिंटेक्स, भांडण आणि घसरलेला भाव

भागीदार त्यांनी शोधला तो मेक्सिको सिटीच्या टेलिफोन डिरेक्टरीत. ‘लॅबोरेटोरिओस हॉर्मोना’ हे नाव दिसले आणि ते तिथे धडकले. मालक एमेरिक सोम्लो आणि फेडेरिको लेहमान यांच्यासह १९४४ मध्ये सिंटेक्स ही कंपनी उभी राहिली. ‘सिंथेसिस’ आणि ‘मेक्सिको’ या शब्दांच्या जोडणीतून तिचे नाव आले. मार्कर यांचा हिस्सा ४० टक्के होता. वर्षभरात तिथे कित्येक किलो प्रोजेस्टेरॉन तयार झाले. पण नफ्याच्या वाटपावरून वाद पेटला आणि मे १९४५ मध्ये मार्कर बाहेर पडले. जाताना प्रक्रियाही डोक्यात घेऊन गेले. रसायनांच्या बाटल्यांवर त्यांनी स्वतःच्या सांकेतिक खुणा लावल्या होत्या, त्यामुळे मागे राहिलेल्यांना काहीच कळेना. क्युबातून बोलावलेल्या जॉर्ज रोझेनक्रांझ या रसायनशास्त्रज्ञाला सगळे नव्याने बसवावे लागले. सहकाऱ्यांसाठी हे वागणे त्रासाचेच होते. मार्कर यांचे कौतुक करताना ही बाजू झाकायचे कारण नाही.

त्यांनी टेस्कोको इथे ‘बोटॅनिका-मेक्स’ काढली आणि ‘बार्बास्को’ हा डायोस्जेनिनने अधिक समृद्ध कंद वापरायला सुरुवात केली. भाव ग्रॅमला १० डॉलर आणि नंतर ५ डॉलरपर्यंत उतरला. या प्रक्रियेचे मेक्सिकोत पेटंट नव्हते, त्यामुळे इतरांनाही रान मोकळे होते. सिंटेक्सच्याच प्रयोगशाळेत १५ ऑक्टोबर १९५१ रोजी कार्ल जेरासी, रोझेनक्रांझ आणि लुइस मिरामोंतेस यांच्या चमूने नॉरएथिस्टेरॉन तयार केले. लग्नकार्य किंवा पूजा आली की पाळी पुढे ढकलण्यासाठी आपल्याकडे घेतली जाते ती हीच गोळी. ती गर्भनिरोधक गोळ्यांत गेली आणि एचआरटीतही वापरली जाते. व्हेराक्रूझच्या जंगलात कंद खणणाऱ्या हजारो गरीब शेतकऱ्यांच्या हाती मात्र फारसे काही लागले नाही. मेक्सिको सरकारने १९७५ मध्ये ‘प्रोक्विव्हेमेक्स’ ही सरकारी कंपनी काढली, तोवर त्या कंदाचे महत्त्व ओसरू लागले होते.

मार्कर यांनी १९४९ मध्ये, पन्नाशीच्या आत, रसायनशास्त्र कायमचे सोडले. वह्या आणि नोंदी नष्ट केल्या. पुढे मेक्सिकन कारागिरांकडून जुन्या युरोपीय चांदीच्या वस्तूंच्या हुबेहूब प्रतिकृती बनवून घेण्याचा व्यवसाय केला. ज्या मेरिलँड विद्यापीठातून ते पदवीविना बाहेर पडले होते, त्याने १९८७ मध्ये त्यांना मानद डॉक्टरेट दिली. ३ मार्च १९९५ रोजी पेनसिल्व्हेनियात त्यांचे निधन झाले.

दुसऱ्या औषधाचे महत्त्व कधी कळले?

गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेले इस्ट्रोजेन १९४२ मध्ये अमेरिकी बाजारात आले होते. पुढची तीन दशके ते बहुतेक स्त्रियांना एकटेच दिले गेले. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी एकट्या इस्ट्रोजेनचा गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाशी संबंध दाखवला आणि मग जोडीला प्रोजेस्टेरॉनसारखे औषध देणे रूढ झाले.

२००२ मध्ये ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकी चाचणीने नवी भीती निर्माण केली. त्यातील १६,६०८ स्त्रियांच्या गटात एकत्रित औषध घेणाऱ्यांमध्ये दर वर्षी दर १० हजारांमागे स्तनाच्या कर्करोगाचे ८ रुग्ण जास्त आढळले. बातमी जगभर गेली, तपशील मागे राहिला. या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते आणि दुसरे औषध मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे कृत्रिम रूप होते. आता ६० च्या आतील किंवा पाळी थांबून १० वर्षे न झालेल्या, अन्य धोके नसलेल्या स्त्रियांमध्ये त्रास जास्त असेल, तर फायदा बहुधा धोक्यापेक्षा मोठा मानला जातो. धोका शून्य आहे, असा याचा अर्थ नाही.

मग ‘वाइल्ड याम’ क्रीम चालेल का?

ऑनलाइन दुकानांत जंगली कंदाच्या अर्काची क्रीम ‘नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन’च्या नावाखाली विकली जातात. मार्कर यांची कहाणी इथे कामाला येते. डायोस्जेनिनची शेपटी तोडायला तापमान, आम्ले आणि प्रयोगशाळा लागली. माणसाच्या शरीरात ती अभिक्रिया होत नाही. त्यामुळे कंदाचे क्रीम चोळून किंवा करांदे खाऊन प्रोजेस्टेरॉन मिळत नाही. इस्ट्रोजेनचे जेल सुरू असताना कॅप्सूलऐवजी असे क्रीम वापरले, तर गर्भाशयाच्या अस्तराला संरक्षणच राहत नाही.

सुरू करताना काय लक्षात ठेवावे?

पाळी अजून येत असेल, तर प्रोजेस्टेरॉन सहसा महिन्यातील १२ ते १४ दिवस देतात आणि ते थांबल्यावर पाळीसारखा रक्तस्राव होतो. तो अपेक्षितच असतो. गुंगी येते म्हणून कॅप्सूल रात्री घ्यायची. ती झेपतच नसेल तर स्वतःहून बंद न करता डॉक्टरांकडून पर्याय बदलून घ्यावा. इस्ट्रोजेनच्या गोळीने रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो, नेहमीच्या मात्रेतल्या जेल किंवा पॅचने तो तसा वाढलेला दिसत नाही. स्तनाचा कर्करोग, गुठळ्या, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका किंवा यकृताचा गंभीर आजार झालेला असेल, तर ते आधीच सांगायला हवे. कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर आधी त्याची तपासणी, उपचार नंतर.

आणखी एक गोष्ट दवाखान्यात अनेकदा विचारायची राहून जाते. एचआरटी म्हणजे गर्भनिरोधन नाही. पेरीमेनोपॉजमध्ये अधूनमधून बीज बाहेर पडते आणि दिवस राहू शकतात, म्हणून वेगळे गर्भनिरोधक लागते. सुरुवातीच्या महिन्यांत थोडे डाग लागू शकतात. तीन महिन्यांनंतर पुन्हा दाखवायला जायचे असते. तेव्हा अनियमित रक्तस्राव सुरूच असेल किंवा नव्याने सुरू झाला असेल, तर सोनोग्राफीने अस्तराची जाडी पाहतात.